दर दोन तासांनी

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या अंगावर केवळ त्याच्याच देहभाराने व्रण पडू लागतो आणि त्यास कधी कधी दोन तासही पुरतात, असे एक परिचित डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, तेव्हा ते अतिशयोक्त वाटून मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या वॉर्डात जाऊन बसलो. तेथे दप्तरी कारभार सिस्टरांचा असला, तरी प्रत्यक्ष अंमल पन्नाशीच्या एका मावशींचा आहे.

अर्धांगवायूच्या एका वृद्ध रोग्याचे अंग पुसणे, चादर बदलणे यथासांग उरकले. मग मावशींनी वृद्धाला कुशीवर वळवले आणि माकडहाडावरच्या तांबूस चट्ट्यावर बोट दाबून उचलले. दाबलेली जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर तेथे रक्त खेळते आहे. तांबडेपणा मुळीच हटला नाही, तर व्रणाचा आरंभ झाला, असे समजावे. सावळ्या कातडीवर मात्र ही लाली नजरेस पडेलच असे नाही, म्हणून पालथा हात लावून तेथे ऊन, टणक किंवा पिचपिचीत लागते का, हेही त्या चाचपतात.

वृद्धाचा मुलगा तेलाची बाटली घेऊन सरसावला. “हाडावर चोळायचं नाही, दादा. आतून आधीच दुखावलंय.” एके काळी परिचारिकांना स्पिरिट लावून पाठ चोळण्याचे रीतसर शिक्षण मिळत असे; आता लालसर जागेवर मर्दन वर्ज्य मानतात. वर सरकवतानाही रोग्याला ओढावयाचे नाही, कारण कातडी चादरीला धरून राहते, हाड तेवढे पुढे जाते आणि मधल्या मांसाची फरफट होते. म्हणून आडव्या चादरीसकट दोघांनी त्याला उचलले. पाठीशी उशी देऊन तीस अंशांचा कल साधला, पोटऱ्यांखाली दुसरी सारून टाचा अधांतरी ठेवल्या.

इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांस अहोरात्र दर दोन तासांनी वळवण्याचा दंडक घातला, तो याच कारणाने. हल्लीचे नातलग पंपाची हवेची गादी आणून निर्धास्त होतात. ती दाब कमी करते, कूस काही वळवत नाही.

घरी सोडण्याची चिठ्ठी हाती पडल्यावर मावशींनी विचारले, “रात्री दोनला कोण उठणार?” मुलाने बायकोकडे पाहिले. मावशींनी मग त्यालाच खाटेच्या पलीकडे उभे करून आडव्या चादरीची टोके हातात दिली.