नवा मिररलेस येणार म्हणे. पण जुन्या लेन्सचे काय?

जळगाव : तुळशीची लग्ने लागली, की खान्देशात लग्नसराईची चाहूल लागते आणि त्याच सुमारास जळगाव-धुळ्यातील फोटो स्टुडिओंमध्ये एक प्रश्न हमखास चर्चेला येतो. अमुक कंपनीचा नवा मिररलेस कॅमेरा येतो आहे म्हणे. आता घ्यावा, की थांबावे? प्रश्न साधा वाटतो. मात्र फुल फ्रेम बॉडी आणि जोडीला एक चांगली लेन्स म्हटली, की हिशेब लाखांत जातो. हंगामाचे बयाणे घेतलेल्या आणि मागच्या कॅमेऱ्याचे हप्ते अजून फेडणाऱ्या छायाचित्रकारासाठी ही अटकळ म्हणजे करमणूक नव्हे, तर धंद्याचा निर्णय असतो.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. नेहमीच्या एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून व्ह्यूफाइंडरमध्ये जातो. बटण दाबले, की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये ही उघडझाप नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि डोळ्यांसमोर दिसते ते एका छोट्या पडद्यावरचे चित्र. पॅनासोनिकने २००८ मध्ये या प्रकाराची सुरुवात केली. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेमचा ए७ आणला. निकॉन आणि कॅनन या दोन बड्या कंपन्या मात्र फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरल्या त्या २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

आरसा गेला, तशी त्याच्यासाठी राखलेली जागाही गेली. निकॉनच्या १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर होते. नव्या झेड माउंटमध्ये ते अवघे १६ मिलिमीटर आहे. माउंटचा व्यासही ४४ वरून ५५ मिलिमीटर झाला. कॅननच्या बाबतीत हेच अंतर ४४ वरून २० मिलिमीटरवर आले. परिणामी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही. मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

नव्या कॅमेऱ्याची कुणकुण कंपनीने घोषणा करण्याआधीच लागते. आजच्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असते. त्यामुळे तो बाजारात आणण्यापूर्वी निरनिराळ्या देशांच्या बिनतारी यंत्रणा नियामकांकडे नोंदवावा लागतो. या नोंदींत मॉडेलचे नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो. तरी काहीतरी येऊ घातले आहे, हे त्यावरून खात्रीने समजते. दुसरा मार्ग पेटंटचा. जपानमध्ये पेटंटचा अर्ज केल्यानंतर दीड वर्षाने तो प्रसिद्ध होतो आणि त्यातील भिंगांच्या आकृत्या पाहून 'अमुक लेन्स येणार' अशी चर्चा सुरू होते. हा पुरावा सर्वांत कच्चा मानावा. कंपन्या सुचलेल्या कल्पना राखून ठेवण्यासाठी अर्ज करतात आणि त्यांतील कित्येक लेन्स कधीच तयार होत नाहीत. ऑलिम्पिकच्या आधी क्रीडा छायाचित्रणाचे अव्वल कॅमेरे येतात, हा मात्र बराच भरवशाचा ठोकताळा आहे. २०१६ मध्ये तो खरा ठरला, २०२० मध्येही. २०२४ मध्ये पॅरिसच्या स्पर्धा तोंडावर असताना जुलैत कॅननने आर१ आणला. त्याची पूर्वसूचना कंपनीने मे महिन्यातच दिली होती.

कंपनीने इन्कार केला म्हणजे अफवा खोटी, असेही समजण्याचे कारण नाही. १२ जुलै २०२२ रोजी जपानच्या 'निक्केई' या दैनिकाने निकॉन एसएलआर कॅमेऱ्यांचा विकास थांबवणार असल्याचे वृत्त दिले. कंपनीने तातडीने निवेदन काढून ही निव्वळ अटकळ असल्याचे सांगितले. एसएलआरचे उत्पादन, विक्री आणि सेवा सुरूच राहणार, असेही त्यात म्हटले होते. शब्दशः पाहिले तर निवेदन चुकीचे नव्हते. तथापि, उत्पादन चालू ठेवणे वेगळे आणि नवे मॉडेल विकसित करणे वेगळे. जानेवारी २०२० मधील डी७८० आणि फेब्रुवारी २०२० मधील डी६ यांच्यानंतर निकॉनचा नवा एसएलआर आलाच नाही. कॅननचे प्रमुख फुजिओ मिताराई यांनी तर डिसेंबर २०२१ मध्येच १डीएक्स मार्क ३ हा आपला शेवटचा अव्वल एसएलआर असल्याचे सांगून टाकले होते. त्यामुळे अशा निवेदनात कंपनी काय नाकारते, यापेक्षा कशाबद्दल मौन पाळते, ते वाचावे.

जुन्या लेन्सची अडचण

आपल्याकडील स्टुडिओंच्या दृष्टीने कोणत्याही भावी मॉडेलपेक्षा महत्त्वाचा मुद्दा कपाटातील लेन्सचा आहे. निकॉनच्या जुन्या 'डी' प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. डी७२०० किंवा डी७५० सारख्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत ती असते आणि एका बारीक स्क्रूच्या साहाय्याने लेन्स फिरवते. ५० एमएम, ८५ एमएम आणि वजनदार ८०-२०० या लेन्स अशाच आहेत. निकॉनने २०१८ मध्ये एफटीझेड आणि २०२१ मध्ये एफटीझेड २ असे दोन अ‍ॅडॉप्टर आणले. दोन्हींत ही मोटर नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो.

चाळीसगावच्या केकी मूस यांनी आयुष्यभर केले तसे टेबलावरील निश्चल रचनांचे काम असेल, तर हाताने फोकस करण्यात काहीच बिघडत नाही. मंगलाष्टके संपून वरमाला पडते तो क्षण मात्र अर्ध्या सेकंदाचा असतो आणि नवरीला 'पुन्हा एकदा घाला' असे सांगण्याची सोय नसते. त्यामुळे 'अ‍ॅडॉप्टर आहे ना' या आश्वासनावर बॉडी बदलणाऱ्याने आपल्या लेन्सवर 'एएफ-एस' लिहिले आहे की 'एएफ-डी', एवढे आधी पाहावे. मोटर असलेला तिसरा अ‍ॅडॉप्टर येणार, या आशेवर जुन्या लेन्स सांभाळून ठेवणे शहाणपणाचे वाटत नाही. कॅननधारकांना ही चिंता कमी आहे. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असल्याने त्या आरएफ कॅमेऱ्यांवर अ‍ॅडॉप्टरने व्यवस्थित चालतात.

मिररलेस घेतला म्हणजे भविष्य सुरक्षित झाले, असेही नाही. निकॉनने २०११ मध्ये आणलेली 'निकॉन १' ही मिररलेस मालिका २०१८ मध्ये बंद झाली. कॅननची २०१२ मधील ईओएस एम मालिका २०२३ मध्ये संपली. या दोन्हींच्या लेन्स त्यांच्याच कंपनीच्या आजच्या फुल फ्रेम मिररलेसवर चालत नाहीत. ज्यांनी त्या हौसेने घेतल्या, त्यांच्याजवळ आता सेकंडहॅण्ड बाजारातही फारसे गिऱ्हाईक नसलेला माल उरला आहे.

लेन्सविषयीच्या अफवांचे एक उदाहरण तर खान्देशातील पक्षिनिरीक्षकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांना टिपण्यासाठी लांब पल्ल्याची, तरीही खिशाला झेपणारी लेन्स हवी असते. २०१९ मध्ये निकॉनने आगामी लेन्सच्या आपल्या अधिकृत आराखड्यात २००-६०० एमएमची नोंद केली. म्हणजे ही अफवा नव्हती, कंपनीचा शब्द होता. प्रत्यक्षात लेन्स आली जून २०२३ मध्ये, तीही १८०-६०० होऊन. दरम्यानचे चार हिवाळे निघून गेले. त्या काळात एसएलआरची २००-५०० ही लेन्स एफटीझेड लावून वापरता येत होती आणि ज्यांनी ती वापरली, त्यांचे काही अडले नाही. नवी लेन्स सरस आहेच. झूम करताना तिची नळी बाहेर येत नाही, त्यामुळे धरणाकाठच्या धुळीत तिचा उपयोग अधिक. कॅननची २००-८०० नोव्हेंबर २०२३ मध्ये आल्यापासून या वर्गात निवडीला वावही मिळाला आहे.

पंचेचाळीस अंशांत काय?

अफवांमध्ये मेगापिक्सेल असतात, ८के चित्रण असते, सेकंदाला किती फ्रेम हेही असते. कॅमेरा किती तापमानात चालेल, हे मात्र कधीच नसते. कॅननचा आर५ जुलै २०२० मध्ये आला तेव्हा त्याच्या ८के चित्रणाचा मोठा गाजावाजा झाला. पुढे कंपनीनेच स्पष्ट केले, की असे चित्रण सलग सुमारे २० मिनिटे करता येईल आणि तेही २३ अंश सेल्सिअस तापमानात. त्यानंतर कॅमेरा तापून थांबतो. जळगाव-भुसावळला २३ अंश डिसेंबर-जानेवारीत मिळतील. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. आखाजीच्या मुहूर्तावर भरदुपारी पत्र्याच्या मांडवात लग्न लागते, तेव्हा कॅमेरा या मर्यादेपलीकडे काम करीत असतो. मिररलेसमध्ये सेन्सर सतत चालू राहतो आणि बॉडी लहान असते, म्हणून उष्णता बाहेर पडण्याचा प्रश्न अधिक बिकट होतो. नवे मॉडेल आल्यावर पहिल्या आठवड्यातील कौतुकापेक्षा उन्हाळ्यात ते वापरलेल्यांचे अनुभव ऐकलेले बरे.

धुळीचेही तसेच. लेन्स काढली, की बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सर उघडा पडतो. हळदीच्या कार्यक्रमात किंवा गुलाल उधळणाऱ्या वरातीत लेन्स बदलणे म्हणजे धुळीला आवतण देणे होय. निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्ये सेन्सरवर झाकण सरकते, कॅननच्या अनेक आर मॉडेलमध्ये कॅमेरा बंद करताच शटर मिटते. स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय आहे का, हे पाहूनच घ्यावे.

थांबण्याचा खरा फायदा कोणाला, हेही पाहिले पाहिजे. नवे मॉडेल जाहीर झाले, की आधीच्या पिढीतील कॅमेऱ्याची किंमत उतरते. ज्याला ती आधीची पिढीच पुरेशी आहे, त्याने घोषणेपर्यंत थांबावे. वेळेत विकू न शकलेल्या जुन्या बॉडीचा भाव मात्र त्याच दिवशी पडतो. म्हणून विकणाऱ्याने घोषणेची वाट न पाहता नियामकांकडील नोंदीची बातमी येताच मुंबईच्या बोरा बाजारात चौकशी सुरू करावी. लेन्सच्या बाबतीत घाईचे कारण कमी. माउंट तोच राहिला, तर आज घेतलेली झेड, आरएफ किंवा ई माउंटची लेन्स पुढच्या बॉडीवरही चालेल. तेव्हा या हंगामात पैसे एकाच वस्तूवर घालता येणार असतील, तर ते ठरलेल्या माउंटच्या २४-७० किंवा ७०-२०० वर घालावेत आणि बॉडीचा विचार आखाजीनंतर, हंगामाची येणी हाती आल्यावर करावा.