माळ्यावरचाही हिशेब

शब-ए-बरात उलटली की मुस्लिम मोहल्ल्यांत घरे झाडायला निघतात. दिवाळीच्या आधी घराघरांत जशी आवराआवर चालते, तशीच ही रमजानपूर्वीची लगबग. जळमटे निघतात, भांडी घासून फळीवर पालथी पडतात, पडदे आणि चादरी धुऊन दोरीवर येतात. पण झाडझूड संपली की बहुतेक सामान पुन्हा होते तिथेच जाते. माळ्यावरचे माळ्यावर, पलंगाखालचे पलंगाखाली. धूळ जाते, अडगळ राहते.

मोठ्या घरात हे खपून जाते, लहान घरात खपत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनात पूर्वी २२५ चौरस फुटांचे घर मिळे, आता ३०० चौरस फुटांचे मिळते. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे राहणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा खोलीत रमजानचा दिवस पहाटेच सुरू होतो. सहरीसाठी गॅस पेटतो तेव्हा दोन हातांवर लहान मुले झोपलेली असतात. दुपारी त्याच जागी आजी कुरआन वाचायला बसते. संध्याकाळी तिथेच इफ्तारचा दस्तरखान अंथरला जातो आणि रात्री तरावीहची नमाज आटोपून आलेल्यांची अंथरुणेही तिथेच पडतात. अलीकडे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे ऐन दहावी-बारावीच्या परीक्षांत. अभ्यासाला बसणाऱ्या मुलीला कोपरा हवा असतो आणि त्या कोपऱ्यात तीन वर्षे बंद असलेला कूलर उभा असतो.

लहान घरातली सर्वांत महाग चीज म्हणजे मोकळी जमीन. जुन्या घरांना हे ठाऊक होते. दस्तरखान जेवणापुरता पसरायचा आणि झटकून घडी घालायची. जानमाज नमाजेपुरती अंथरायची आणि खुंटीवर टाकायची. पाट, चटई, गाद्यांची वळकटी ही सगळी याच शहाणपणाची मंडळी. काम झाले की जमीन माणसांना परत. नंतर घरात सोफा आला, डायनिंग टेबल आले, शोकेस आली. या वस्तू वापरात असोत वा नसोत, चोवीस तास जागा धरून बसतात.

घर आवरण्यावर हल्ली पुस्तके आणि चित्रफिती भरपूर आहेत. जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत तर जगभर गाजली. घरातले सगळे कपडे एकदम बाहेर काढून एका जागी ढीग करा आणि एकेक हातात घेऊन निवडा, असे त्या सांगतात. पद्धत चांगली आहे, पण एका खोलीच्या घरात तो ढीग ठेवायचा कुठे? संध्याकाळी तिथेच रोजा सोडायचा असतो. लहान घराला बेताबेताने आवरणेच परवडते. एका दिवशी एक फळी, दुसऱ्या दिवशी एक ट्रंक, तिसऱ्या दिवशी पलंगाखालची एकच बाजू. काढलेले सामान असरच्या नमाजेपर्यंत, म्हणजे दुपार कलेपर्यंत, मार्गी लागले पाहिजे. त्यात रोजा असतो, पाणी प्यायचे नसते. त्यामुळे माळ्यावर चढण्याचे काम रमजान लागण्यापूर्वी उरकावे किंवा ईदनंतर करावे. रोज्याच्या दिवसांत बसून होणारी कामे घ्यावीत: डबे, औषधे, कागदपत्रे, कपडे.

या निवडीत काय काय सापडते? आइस्क्रीमचे रिकामे डबे, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, कुठल्या मोबाइलचे ते न आठवणारे चार्जर, मुदत संपलेली औषधे. यांचा निकाल पटकन लागतो. शाळेची पुस्तके परीक्षा संपताच खालच्या वर्गातल्या मुलाला द्यावीत. अभ्यासक्रम बदलला की त्यांची रद्दीच होते. कपड्यांना बोहारीण आहेच, पण तिच्याकडून बदल्यात आणखी एक पातेले घरात येते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

बिर्याणीची मोठी डेग, जादा गाद्या, लांब शिडी या वस्तू वर्षातून दोन-चारदा लागतात. त्या प्रत्येक घरात कशाला? कोकणातल्या अनेक गावांत लग्नकार्याची भांडी जमातीच्या मालकीची असतात, तशीच ती कुठे देवस्थानाची, कुठे मंडळाची असतात. चाळीच्या एका मजल्याने एक डेग आणि एक शिडी सामाईक ठेवली, तर दहा घरांचे माळे हलके होतात.

काही वस्तू मात्र टाकता येत नाहीत. जीर्ण झालेल्या कुरआनच्या प्रती, अल्लाहचे नाव असलेले कागद रद्दीत द्यायला हात धजत नाही. हिंदू घरांत देवाच्या जुन्या तसबिरी आणि भंगलेल्या मूर्तींचे असेच होते. मग ही गाठोडी वर्षानुवर्षे माळ्यावर राहतात. अनेक मशिदींत असे कागद गोळा करून स्वच्छ जागी दफन करण्याची सोय असते. घरी धूळ खात पडण्यापेक्षा त्यात अदब अधिक आहे.

सर्वांत अवघड असते ती गेलेल्या माणसाची पेटी. इस्लामी कायद्यानुसार मृताची प्रत्येक वस्तू, अगदी घड्याळ आणि शेरवानीसुद्धा, वारसांच्या मालकीची होते. म्हणून थोरल्या मुलाने परस्पर ती वाटून टाकणे योग्य नाही. सज्ञान वारसांची संमती हवी, अज्ञान वारसाचा हिस्सा तर दानातही देता येत नाही. सासरी गेलेल्या बहिणीला निरोप धाडून, सगळ्यांनी मिळून ती पेटी एकदा उघडावी. कोणी टोपी ठेवील, कोणी चष्मा. उरलेले कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

जिवंत माणसांच्या वस्तूंनाही हाच न्याय लावावा. आवरण्याचा भार बहुतेक घरांत बाईवर पडतो आणि पहिला घालाही तिच्याच सामानावर येतो. सासूची पितळेची परात मोडीत निघते आणि मुलाचे तुटके स्पीकर तसेच राहतात. ज्याची वस्तू त्याने निवडावी, आणि माळ्यावरून उतरवायलाही त्यानेच हात लावावा.

रमजान हा हिशेबाचाही महिना. अनेक कुटुंबे वर्षाची जकात याच महिन्यात काढतात. सोने, चांदी, रोकड आणि विक्रीचा माल यांची किंमत ठरावीक मर्यादेला पोचली आणि तिच्यावर एक चांद्र वर्ष उलटले, की अडीच टक्के रक्कम गरजूंना देणे बंधनकारक असते. ही मर्यादा म्हणजे निसाब. आपल्याकडे तो साधारणपणे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी असा धरतात. राहते घर, वापरातले कपडे, रोजची भांडी आणि कारागिराची अवजारे यांवर जकात नाही. शिंप्याचे मशीन, विणकराचा माग हे त्या हिशेबाबाहेर. या झाल्या मूलभूत गरजा.

ईदच्या नमाजेआधी द्यायच्या फित्र्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. भारतातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यानुसार फित्रा कोणी द्यायचा हे ठरवताना गरजेपेक्षा जास्तीचे घरसामानही मोजले जाते. आहेरात आलेला आणि कधीच न उघडलेला डिनर सेट, दुसरे मिक्सर, ट्रंकेत तळाशी पडलेल्या दुलया हे सगळे त्या मोजणीत येते. असे जास्तीचे सामान निसाबाइतके भरले, तर त्या घराला जकात घेताही येत नाही. कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई परंपरेचे, त्यांच्या नियमांत फरक आहे. तपशील जाणकार आलिमांकडूनच समजून घ्यावा. पण ‘ही वस्तू खरोखर लागते का’ हा प्रश्न घर आवरणाऱ्या बाईइतकाच धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनाही पडला होता, एवढे यातून दिसते. माळाही हिशेबात धरलेला आहे.

देताना एक पथ्य मात्र पाळायचे. दानासाठी खराब वस्तू वेगळ्या काढू नयेत, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. स्वतःला घेताना संकोच वाटेल ते दुसऱ्याला देऊ नये, हा तिचा आशय. चेन तुटलेली बॅग, डाग पडलेला सदरा, झाकण हरवलेला कुकर ‘गरिबाला द्या’ म्हणून पिशवीत भरला, की आपल्या घरची अडगळ त्याच्या दहा बाय बारात जाते. कपडा धुऊन, बटण लावून, इस्त्री करून द्यावा. कुकरला झाकण आणि रिंग बसवून द्यावी. जे दुरुस्त होणार नाही ते भंगारवाल्याला. शिवाय जुने कपडे देणे हा ऐच्छिक सदका झाला, त्याने जकातीचा हिशेब आपोआप फिटत नाही.

वेळेलाही महत्त्व आहे. ईदनंतर आठवड्याने दिलेला चांगला जोड ईदच्या दिवशी कोणाच्या अंगावर दिसत नाही. आपल्या घरी नवे कपडे येण्याआधी जुन्यांतले चांगले बाहेर पडावेत आणि महिन्याच्या मध्यापर्यंत ज्याचे त्याला पोचावेत, म्हणजे घेणाऱ्यालाही मापाचे करून घ्यायला अवसर मिळतो.

ईद झाली की थोड्याच दिवसांत वर्षाची बेगमी सुरू होईल. गहू, तांदूळ, मसाला, पापड-कुरडया घरात येतील आणि रिकाम्या जागेवर हक्क सांगतील. त्यांचे पिंप माळ्यावर चढवावेत. पण कूलर हलवून जी दोन-तीन हात जमीन मोकळी झाली असेल, तिथे काही ठेवू नये. ती जागा परीक्षेला बसलेल्या मुलीची.