देव एक, मग पुत्र कोण?

धुळे, नवापूर, जळगाव, भुसावळ इथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होतो तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. खानदेशात हा विश्वास मिशनऱ्यांसोबत आला. पण त्यामागचा वाद चौथ्या शतकातला आहे.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, देव एकच आणि अनादी. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, त्याने निर्माण केला; म्हणजे पुत्र नव्हता असाही काळ होता. एकेश्वरवाद अबाधित राहावा, ही त्याची तळमळ. त्याचा विरोधक अथानासियस याचा सवाल रोखठोक होता: पुत्र स्वतःच निर्मिलेला असेल, तर तो माणसाचं तारण कसं करणार?

सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 मध्ये नायसिया इथे बिशपांची परिषद भरवली. पुत्र निर्मिलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय झाला. तरी वाद मिटला नाही. अथानासियसला पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. अखेर 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने नायसियाचा निर्णय कायम केला आणि पवित्र आत्माही पिता-पुत्रासोबत उपासनेस पात्र ठरवला.

म्हणून ‘ख्रिस्ती लोक तीन देव मानतात’ हा समज चुकीचा आहे. देव एकच, हे दोन्ही पक्षांना मान्यच होतं. झगडा होता तो ख्रिस्ताचं स्थान नेमकं काय, याचा.