घर समोर, वाट लांबून

पुण्यातल्या जुन्या पेठांत एक बोळ बंद निघाला तर दुसरा असतोच. शनिवारातून नारायण पेठेत जायला चार वाटा. गल्ल्या अरुंद, गाड्यांची कटकट, हे सगळं मान्य. पण भाजी, गिरणी, शाळा, दवाखाना पायी उरकतं. सत्तरीच्या आजीसुद्धा पिशवी घेऊन एकट्या जाऊन येतात.

शहर वाढलं ते मात्र वेगळ्या रीतीने. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्याआधीच तिथली शेतं विकली जात होती. एका बिल्डरने एक गट घेतला, इमारती बांधल्या, भोवती भिंत आणि एकच गेट. शेजारच्या गटात दुसऱ्याने तेच केलं. दोन्हींचे रस्ते गेटपाशी संपले, एकमेकांना मिळालेच नाहीत. समोरासमोरच्या बाल्कनीतून बायका बोलतात, पण वाटीभर आंबेडाळ पोचवायची तर हमरस्त्याला वळसा! सगळ्या गाड्याही त्याच हमरस्त्यावर. मग कोंडी नाही होणार तर काय?

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी चौक किती आणि बंद रस्ते किती, असं मोजून पाहिलं. अमेरिकेत असे तुटक रस्ते साधारण १९९४ पर्यंत वाढत गेले, मग कमी होऊ लागले. जगात इतरत्र मात्र अनेक देशांत नवे रस्ते अधिकच तुटक होताहेत, असं त्यांनी २०२० मध्ये मांडलं. इमारत पाडून नवी बांधता येते. रस्ता एकदा आखला की पिढ्यान् पिढ्या तसाच.

यात अडकते कोण? घरातली गाडी ‘हे’ घेऊन गेले की मागे राहिलेली बाई. कोथिंबिरीच्या जुडीसाठी रिक्षा करायची का? सुरक्षेसाठी गेट हवं, कबूल. पण भिंतीत माणसापुरतं एक दार ठेवून तिथे वॉचमन बसवला तर काय बिघडतं?

मैत्रिणींनो, हे पुण्याचंच दुखणं नाही. आपल्या गावाबाहेर एन. ए. प्लॉट पडताहेत, ते बघा. नगरपालिकेचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा ठरावीक मुदतीत कुणालाही लेखी हरकत, सूचना देता येते. बचत गटातल्या बायका रेशन कार्डासाठी दहा खेपा घालतात, पण नकाशा बघायला एकही जात नाही, ही माझी जुनी तक्रार. पुढच्या वेळी दोघी-तिघी मिळून जा. आपल्या लेआउटचा रस्ता शेजारच्या लेआउटला मिळतो का, एवढंच बोट ठेवून विचारा. मिळत नसेल तर तिथेच अर्ज लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.