बाळाचं पाऊल वाकडं: माहेरी सुरू झालेला उपचार सासरी का थांबतो?

बाळ जन्मलं, वजन चांगलं, रडलंही जोरात. पण एक पाऊल आत वळलेलं, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा. बाळंतिणीच्या खोलीत मग पहिला प्रश्न ठरलेला: ग्रहण पाळलं होतंस ना? कधीतरी विळीवर भाजी चिरली, सुईत दोरा ओवला असं काहीतरी शोधून काढलं जातं आणि दोष बाईच्या माथी बसतो.

डॉक्टर याला 'क्लबफूट' म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एकात तो दिसतो, आणि ग्रहण हा शब्दही ठाऊक नसलेल्या देशांत दिसतो. मुलग्यांमध्ये त्याचं प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट आहे. ग्रहण काही मुलगा-मुलगी बघून लागत नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. काही घराण्यांत तो पुन्हा दिसतो, गरोदरपणातल्या धूम्रपानाने धोका वाढतो, एवढं माहीत आहे. त्यामुळे तो हमखास टाळता येईल असा उपाय नाही. पण त्यातून येणारं अपंगत्व मात्र टाळता येतं.

तसंच सोडलं तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर, कधी पावलाच्या वरच्या बाजूवर भार देऊन चालायला लागतं. तिथे घट्टे पडतात, जखमा होतात, चपलेत पाय बसत नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेल लावून जोर केला म्हणून हे पाऊल सरळ होत नाही; उलट कोवळ्या हाडांना इजा होऊ शकते. हाताने सहज सरळ होणारं पाऊल ही वेगळी गोष्ट आहे, पण तो फरक डॉक्टरांनीच ठरवायचा.

आज जगभर वापरली जाते ती पद्धत इग्नासिओ पोन्सेटी या मूळ स्पॅनिश डॉक्टरांची. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात त्यांनी ती बसवली. पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करायची. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. अशी पाच-सहा प्लास्टरं लागतात. मग बहुतेक बाळांची टाचेमागची ताठ दोरी, म्हणजे कंडरा, जागा बधिर करून बारीक पात्याने कापतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात ती पुरेशा लांबीने पुन्हा जुळून येते. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात काही मिनिटांचं काम.

प्लास्टर असताना घरच्यांनी बोटं बघत राहायची. बोट दाबलं की पांढरं आणि सोडलं की गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी पडली, सुजली किंवा आत सरकून दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

खरा घोळ होतो तो यानंतर. खानापूर-बेळगावात दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला चंदगडला किंवा गडहिंग्लजला माहेरी येते. प्लास्टरं तिथेच होतात. हिशेब केला तर शेवटचं प्लास्टर निघेपर्यंत बाळ अडीच-तीन महिन्यांचं होतं, आणि लेक सासरी निघते तीही याच सुमाराला. नेमका आता सुरू होतो ब्रेसचा टप्पा: आडव्या पट्टीवर बसवलेले दोन छोटे बूट. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. सासरच्यांनी प्लास्टरं बघितलेली नसतात. त्यांना दिसतं ते सरळ पाऊल आणि बुटांत अडकलेलं, रडणारं पोर. "पाय झालाय की नीट, काढा ते," असं आजीच म्हणते, आणि मायेनंच म्हणते. ऊसतोडीला फडावर जाणाऱ्या कुटुंबांचंही तेच. बूट गावीच राहतात.

पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पहिले दोन-तीन दिवस बाळ रडतं, मग सवय होते. दोन्ही पाय एकदम हलवायचा खेळ आईने शिकवला तर लवकर होते. बुटाने लाल वण राहिला किंवा कातडी सोलली, तर बूट अडगळीत टाकायचे नाहीत, माप दाखवायला जायचं.

म्हणून माहेरहून निघताना बाळंतविड्याच्या पेटीत फाइल हवी: किती प्लास्टरं झाली, कंडरा कधी कापली, ब्रेस कोणत्या तारखेला घातला. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' हा केंद्राचा कार्यक्रम 2013 पासून आहे आणि क्लबफूट त्याच्या यादीत आहे. त्यामुळे महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, कुठेही असलात तरी आशाताईंकडे किंवा जिल्हा रुग्णालयात याच नावाने चौकशी करता येते. जाण्याआधीच नव्या ठिकाणच्या तपासणीचा वार विचारून घेतला तर मध्ये महिना वाया जात नाही. पाय वाढतो तसे बूट बदलावे लागतात, ते माप घेणारं कुणीतरी जवळ हवंच.

टाच उचललेली दिसली, पाऊल पुन्हा आत झुकायला लागलं, तर लाजून घरी बसण्यात अर्थ नाही. लहान वयात बहुधा परत दोन-तीन प्लास्टरांत काम भागतं. चालायला लागलेल्या, कधीच उपचार न झालेल्या मुलांनाही ही पद्धत लागू पडते. फक्त प्लास्टरं जास्त लागतात आणि काहींना शस्त्रक्रिया करावी लागते.