पोळी कमी केली, दूधही सोडले. मग प्रथिने कोठून?

साखरेचा अहवाल हाती पडला की घरातील ज्येष्ठांच्या ताटावर पहिली कात्री पोळी-भातावर चालते. ती चालावीही, त्यात गैर काही नाही. पुढे कधी दूध पचेनासे होते म्हणून, कधी मुलीच्या किंवा नातवाच्या आग्रहाने, तर कधी प्राण्यांविषयीच्या करुणेने दूध, दही, ताक, पनीरही बंद होते. ‘व्हीगन’ हा शब्द आपल्या घरांत आता नवा राहिलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकेकट्या निभावून नेता येतात. एकाच ताटात त्या एकत्र आल्या की मात्र ताटात उरते काय, हे एकदा मोजून पाहिले पाहिजे.

मोजू या. सकाळी बिनदुधाचा चहा आणि भिजवलेले दहा बदाम. त्यांत प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम. दुपारी पालेभाजी, अर्धी भाकरी, पातळ आमटीची वाटी आणि दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर. आमटीच्या त्या वाटीत डाळ असते फार तर १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिने साडेतीन ग्रॅम. भाकरी, भाजी आणि कूट मिळून आणखी सात-आठ ग्रॅम. रात्री दुधीचे किंवा टोमॅटोचे सूप. दिवसाची बेरीज पंधरा ग्रॅमच्या आसपास रेंगाळते. आता गरज पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. वार्धक्यात शरीर आहारातील प्रथिनांचा उपयोग पूर्वीइतक्या तत्परतेने करीत नाही, म्हणून ज्येष्ठांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅमचा सल्ला पोषणतज्ज्ञ देतात. साठ किलोच्या व्यक्तीला म्हणजे रोज निदान साठ ग्रॅम हवीत, आणि वर पाहिलेल्या ताटात त्याचा चौथा हिस्साच आहे.

आधी एक अपवाद. ज्यांच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावले आहे, त्यांना हा आकडा लागू नाही. मधुमेह जुना असेल तर ही शक्यता गृहीत धरूनच चालावे. क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी झाल्याखेरीज आहारातील प्रथिने वाढवू नयेत. अशा रुग्णांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

तुटीचे ताट फसवे असते, कारण त्याचे पहिले फळ गोड लागते. वजन उतरते, साखर आटोक्यात येते, नातेवाईक कौतुक करतात. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाटा सांगत नाही. ते सांगतात इतर खुणा: मनगटावरून घसरणारे घड्याळ, सैल झालेल्या बांगड्या, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा टेकू, बरणीचे झाकण उघडण्यासाठी मारलेली हाक. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजावा. तो घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू झिजत असल्याची शंका घ्यावी, असा आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९ चा निकष आहे. दुसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर डॉक्टरांशी बोलावे. ही परीक्षा घेताना शेजारी कुणीतरी उभे असावे, हे सांगायला नकोच. झिजलेल्या मांड्यांचा माणूस न्हाणीघरात पडतो, आणि वार्धक्यात खुब्याचे हाड मोडले की पूर्वीसारखे चालणे पुष्कळांना पुन्हा जमत नाही. प्रथिनांचा एवढा हिशेब करायचा तो यासाठी.

मग करायचे काय? कमी करायचे ते धान्य, डाळ नव्हे. ‘डाळींतही कर्बोदके असतातच’ असे म्हणत अनेक घरांत वरण-आमटीलाही फाटा दिला जातो. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. तीस ग्रॅम मूगडाळीत सतरा-अठरा ग्रॅम कर्बोदके असतात. पण तिच्यासोबत सात ग्रॅम प्रथिने येतात, आणि तंतूंमुळे साखरही सावकाश चढते. तीस ग्रॅम तांदळात कर्बोदके तेवीस-चोवीस ग्रॅम आणि प्रथिने मात्र सव्वादोन ग्रॅम. कर्बोदकांची जी मोजकी शिधापत्रिका आपल्याला मिळाली आहे, ती डाळीवर खर्चावी, भातावर नव्हे. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदके असली की तो आहार सामान्यतः ‘कमी कर्बोदकांचा’ मानला जातो. वीस-तीस ग्रॅमची कडक पथ्ये वनस्पतिजन्य आहारात, तीही सत्तरीत, पाळू जाणे म्हणजे डाळी आणि फळे दोन्ही गमावणे होय. माझ्या मते तो सौदा परवडणारा नाही.

तरीही एकट्या डाळीवर साठ ग्रॅमचा पल्ला गाठता येत नाही; गाठायचा म्हटला तर पाव किलो डाळ शिजवावी लागेल. येथे सोयाबीनला पर्याय नाही. गंमत अशी की लातूरपासून विदर्भापर्यंत आपल्याच शेतांत हे पीक उभे असते, त्याच्या बाजारभावाची चर्चा रोज वर्तमानपत्रांत असते, आणि स्वयंपाकघरात मात्र आपण त्याच्या तेलापुरतेच त्याला ओळखतो. तेल काढून उरलेली प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. वाळलेल्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असतात. इतर कोणत्याही कडधान्याची मजल साधारण वीस-पंचविसापुढे जात नाही. त्यात पिष्ट अगदी थोडे असते, आणि शरीराला बाहेरून मिळवावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यात चांगल्या प्रमाणात असतात.

सोयाबीन कच्चे किंवा अर्धे शिजलेले कधीही खाऊ नये, कारण प्रथिनांचे पचन रोखणारे घटक त्यात असतात आणि ते उष्णतेनेच निष्प्रभ होतात. रात्रभर भिजवावे, सकाळी चोळून साले काढावीत, पाणी फेकून द्यावे आणि कुकरमध्ये नेहमीच्या कडधान्यापेक्षा अधिक वेळ शिजवावे. हा खटाटोप नको असेल तर टोफू घ्यावा. तो घेताना वेष्टनावरील आकडा वाचावा. मऊ टोफूत शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, तर घट्ट टोफूत बारा ते सोळाही असू शकतात, आणि दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. टोफू बेचव लागतो, ही तक्रार खरी आहे. त्याला स्वतःची चव नसतेच. फडक्यात गुंडाळून त्यावर अर्धा तास वजन ठेवावे, पाणी निघून गेले की हाताने कुस्करावा आणि कांदा, हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर घालून भुर्जी करावी. दात नसलेल्यांनाही ती सहज खाता येते.

सोयाच्या वड्या, ज्यांना बाजारात सोया चंक्स म्हणतात, त्या सर्वांत स्वस्त. तेल काढलेल्या पिठाच्या असल्यामुळे त्यांत शंभर ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात. हा आकडा कोरड्या वड्यांचा आहे. भिजल्यावर त्या दुपटी-तिपटीने जड होतात. उकळत्या पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळाव्यात, म्हणजे तो उग्र वास जातो. मग मिक्सरमधून जाडसर फिरवून काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडाव्यात. पहिल्या आठवड्यात पोट फुगू शकते. म्हणून पंधरा ग्रॅमपासून आरंभ करावा, फोडणीत हिंग-ओवा असावा.

मोडांविषयीही सांगितले पाहिजे. मोड आल्याने कडधान्य पचायला हलके होते आणि त्यातील ‘क’ जीवनसत्त्व वाढते. प्रथिने मात्र दुप्पट होत नाहीत. वाटी भरते ती पाण्याने. मटकी असो वा मूग, मोजायचे ते कोरडे असताना.

उरली आपली तेलबियांची परंपरा: शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम, तर तीळ आणि जवसात अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. डाळीत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते तिळात भरपूर असते. आमटीसोबत तिळाची चटणी वाढणाऱ्या आजीला हे नाव ठाऊक नव्हते, पण जोडी अचूक होती. मात्र चमचाभर चटणीने दोनच ग्रॅम मिळतात. चटणी भाजीच्या मापाने खाल्ली तर मीठ-तिखट सोसवणार नाही. म्हणून कूट भाज्यांत, कोशिंबिरीत आणि रश्श्यात सढळ हाताने घालावे. उपवासाच्या दिवशी तर डाळ आणि सोया दोन्ही वर्ज्य, दूधही नाही. अशा वेळी चाळीस ग्रॅम दाण्यांची आमटी दहा ग्रॅमचा आधार देते, साबुदाणा तेवढेही देत नाही. गिळण्यास त्रास असणाऱ्यांना अख्खे दाणे कधीही देऊ नयेत.

आता साठ किलोच्या, मूत्रपिंड निरोगी असलेल्या व्यक्तीचे एक ताट मांडू. सकाळी तीस ग्रॅम मूगडाळीचे धिरडे आणि शंभर ग्रॅम टोफूची भुर्जी: सतरा ग्रॅम. दुपारी पंचवीस ग्रॅम कोरड्या सोयावड्यांचा रस्सा, पालेभाजी, अर्धी ज्वारीची भाकरी आणि पंधरा ग्रॅम दाण्याचे कूट: वीस-एकवीस. चारच्या सुमारास पेलाभर बिनसाखरेचे सोया दूध: सहा. (चहात घालायचे असेल तर चहा थोडा निवू द्यावा, नाहीतर ते फाटते.) रात्री तीस ग्रॅम बेसनाचे पिठले, पाऊणशे ग्रॅम टोफू घातलेली फळभाजी आणि कूट लावलेली काकडीची कोशिंबीर: सोळा. एकूण साठ, आणि एक पेरू धरूनही कर्बोदके शंभर ग्रॅमच्या आसपास. साठही ग्रॅम एकाच जेवणात कोंबू नयेत. तिन्ही वेळा ती विभागून मिळणे वृद्ध स्नायूंना अधिक मानवते, आणि आपल्याकडे नेमकी सकाळची वेळ चहा-बिस्किटांवर निभावली जाते.

या ताटात उष्मांक कमी आहेत, हे जाणत्या वाचकाच्या ध्यानात आले असेल. चुलीत सरपण कमी पडले की माणूस घरातील पाटही जाळतो. तसे ऊर्जा अपुरी पडली की शरीर प्रथिनेच जाळू लागते. म्हणून तेल, ओले खोबरे, दाणे यांत काटकसर नको. मूळची शरीरयष्टी कृश असेल तर एक भाकरी खुशाल परत आणावी. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे असे थोडे श्रम रोज हवेत. त्यांच्याविना नुसत्या प्रथिनांनी स्नायू बांधले जात नाहीत.

शेवटी औषधे, आणि येथे काळजीवाहकांनी विशेष लक्ष द्यावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना पोळी-भात एकाएकी कमी केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कर्बोदके फार घटवली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ले साचण्याचा धोका असतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. ती दिसताच रुग्णालय गाठावे. थायरॉइडच्या गोळीचे शोषण सोयामुळे घटू शकते, तेव्हा गोळी पहाटे घेणाऱ्यांनी सकाळचा टोफू दुपारकडे सरकवावा आणि काही आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावे.

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते, आणि त्याच्या अभावाने पायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्याच समजून दुर्लक्षिल्या जातात. दूध सोडणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. गोळी किंवा इंजेक्शन यांपैकी काय आणि किती, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. त्याच वेळी ‘ड’ जीवनसत्त्वही पाहून घ्यावे, आणि दुधासोबत गेलेल्या कॅल्शियमसाठी कॅल्शियम घालून जमवलेला टोफू दुकानात मागून घ्यावा.