दुकानाची वही आणि पदवीचा अभ्यास

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक आटोपली की आपल्यापैकी किती जणी वही घेऊन बसतात! दूधवाल्याचे खाडे, वाण्याची यादी, भिशीचा हप्ता, मुलांची फी. ‘यात काय एवढं?’ असं आपणच म्हणतो. पण याच कामाचं शास्त्र शिकवणारी एक पदवी आहे, आणि ती आपल्यासाठी नाही, असं आपण कुणालाही न विचारता ठरवून टाकलेलं असतं.

मीही ठरवलं होतं. म्हणूनच माझ्या धाकट्या जावेची हकीकत सांगते.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं औषधांचं दुकान आहे. २०१४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिने व्यवसाय-व्यवस्थापन आणि कॉम्प्युटर अशा जोड पदवीला प्रवेश घ्यायचं मनात आणलं. पुणे विद्यापीठात हिला आता ‘बी.बी.ए. (सी.ए.)’ म्हणतात. यातलं सी.ए. म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे हं, ‘कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन’! फॉर्म आणायला गेली, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “मुलीला स्वतःला पाठवा, सही तिचीच लागते.”

बिचारी तशीच घरी आली आणि तिने मला फोन केला. मी तरी काय बोलावं? “अगं, मुलगा पाचवीत, सासूबाईंचं पथ्यपाणी तुझ्याकडे, वर दुकान. आता कॉम्प्युटर शिकून कुठं जायचंय तुला?”

ती म्हणाली, “वहिनी, कुठं जायचं नाहीये. दुकानाची उधारी कुठं जाते, ते शोधायचंय.”

मशीन नव्हे, माहिती

तुम्हांला वाटेल, या पदवीत नुसती बटणं दाबायला शिकवतात. तसं नाही. हिशेबशास्त्र, व्यवस्थापन आणि संख्याशास्त्र एका बाजूला. प्रोग्रॅम लिहिणं, माहितीचे तक्ते बांधणं आणि कामाची पद्धत तपासून सुधारणं दुसऱ्या बाजूला. धंद्यात रोज जी माहिती तयार होते, ती कुणी लिहायची, कुठं ठेवायची आणि मालकाला वेळेवर कशी मिळायची, हा खरा विषय. मशीन हा त्यातला एक भाग. माणसं आणि त्यांच्या सवयी हा दुसरा, आणि तोच जास्त अवघड!

तिच्या दुकानाचंच पाहा ना. वहीत एकाच गिऱ्हाइकाची उधारी तीन ठिकाणी होती: ‘शिंदेकाका’, ‘काका शिंदे’ आणि ‘शिंदे, वेशीजवळचे’. एका नावावरचे पैसे आले की भाऊजी समजायचे, खातं मिटलं. अभ्यासात तिला कळलं, की प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच क्रमांक द्यायचा, नाव-पत्ता एकाच जागी लिहायचा आणि बाकी सगळीकडे फक्त तो क्रमांक टाकायचा. माहिती अशी तक्त्यांत बांधून ठेवायची कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. आजही बँकांपासून दुकानांपर्यंत हिशेबाची बरीच कामं याच रीतीने चालतात.

आणि हे बायकांचं क्षेत्र नव्हे, असं कुणी म्हटलं तर त्याला एक गोष्ट जरूर सांगा. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला जगातला पहिला कॉम्प्युटर १९५१ साली लंडनमध्ये सुरू झाला. तो कुणाचा? चहाची दुकानं चालवणाऱ्या लायन्स कंपनीचा! त्याचं पहिलं काम होतं बेकरीच्या मालाचा हिशेब. तिथे १९५२ साली प्रोग्रॅम लिहायला लागलेल्या मेरी कूम्ब्स यांची पदवी होती फ्रेंच भाषेची. पुढे १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी तर मुलंबाळं असलेल्या बायकांना घरबसल्या प्रोग्रॅम लिहायचं काम देणारी कंपनीच काढली.

पण घराचं काय?

सगळं गोड झालं असं नाही हं. पहिल्याच वर्षी प्रोग्रॅमिंगच्या पेपरात ती नापास झाली. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. मग पहाटे साडेचार ते सहा हा वेळ तिने अभ्यासाला बांधून घेतला. त्या वेळात चहासुद्धा कुणी मागायचा नाही, हे घरात स्पष्ट सांगितलं. ‘वेळ मिळाला की करीन’ म्हणणारीला वेळ कधी मिळत नाही, हे आपण जाणतोच.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ती परीक्षा सोडायला निघाली होती. तेव्हा मात्र मला माझंच बोलणं आठवलं आणि मी बारा दिवस तिकडे जाऊन राहिले. डोळ्यावर पट्टी घेऊन सासूबाई म्हणाल्या, “तू लिही गं तुझं. थेंब घालायला ही आहे.”

२०१७ साली ती पदवीधर झाली. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि बाजारात एकच धांदल उडाली. बिलं बदलली, विवरणपत्रं ऑनलाइन भरायची वेळ आली. आमच्या दुकानाची घडी तिने बसवली, मग शेजारच्या दोन दुकानांची. पगाराची नोकरी काही लगेच मिळाली नाही. ‘ही पदवी घ्या, नोकरी चालून येईल’ असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. पण भाऊजींनी दुकानाच्या कागदांवर भागीदार म्हणून तिचं नाव घातलं.

मनात असेल तर एवढं पाहा

• बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधार कार्डावर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवा.

• शिक्षणात खंड पडला असल्यास ‘गॅप’चं प्रतिज्ञापत्र लागतं का, ते विचारा.

• महाराष्ट्रात २०२४ पासून बी.बी.ए., बी.सी.ए. यांसारख्या पदव्यांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. कॉलेजला तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे ना, तेही पाहून घ्या.

• रोज कॉलेजला जाणं जमणार नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा ‘इग्नू’ यांच्याकडे चौकशी करा. कुठलाही दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असो, त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असल्याची खात्री करूनच पैसे भरा.

• कॉम्प्युटर नवीन घ्यायची घाई नको. आधी कॉलेजात किती वेळ बसता येतं, ते विचारा.

आणि हो, तुमच्या घरची एखादी सून, जाऊ, नणंद असा फॉर्म घेऊन आली, तर ‘आता कशाला?’ असं म्हणू नका. ‘परीक्षा कधी आहे गं?’ एवढंच विचारा, आणि त्या दिवसांतला स्वयंपाक आपल्याकडे घ्या.